हुबेहूब तिच्यासारखी

आपल्याकडच्या प्रेमकथेत अडचण बहुधा बाहेरून येते. घरच्यांचा विरोध, जातीची भिंत, पैशाची तफावत, वेळेवर न पोहोचलेले एखादे पत्र. ती अडचण दूर झाली की दोन जीव एकत्र येतात आणि पडदा पडतो. न झाली तर आपण डोळे पुसत बाहेर येतो. दोन्ही वेळा एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि ते नेमके कोणावर आहे हे दोघांनाही पक्के ठाऊक आहे. विज्ञानकथेच्या अंगाने जाणारे जे मोजके प्रेमपट मी पुन्हा पुन्हा पाहते, ते या गृहीतकालाच हात घालतात. तिथे प्रेमिकांचे मागणे कोणी अडवत नाही. उलट एखादे यंत्र, एखादी कंपनी किंवा एखादा अनोळखी ग्रह ते अक्षरशः पुरवतो. गेलेली बायको परत आणून देतो, नकोशी आठवण पुसून देतो, फक्त आपलेच ऐकणारे कोणीतरी मिळवून देतो. आणि मागितलेले हाती पडल्यावर लक्षात येते की आपले प्रेम त्या मागण्यात मावत नव्हते. समोरच्या माणसातले जे आपल्या ताब्यात नव्हते, पुष्कळदा जे आपल्याला माहीतही नव्हते, त्याच्या आधारावर ते उभे होते.

आंद्रेई तारकोव्हस्कीचा १९७२ सालचा ‘सोलारिस’ हा माझ्या लेखी या घराण्याचा मूळपुरुष आहे. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. लेम यांना तो आवडला नव्हता. माणसाच्या आकलनापलीकडे असलेल्या एका ग्रहाची त्यांची कथा दिग्दर्शकाने अपराधभावाच्या आणि सदसद्विवेकाच्या दिशेने वळवली, हे त्यांना खटकले. त्यांचे खटकणे मी समजू शकते, पण त्या वळणामुळेच एक असामान्य प्रेमकथा जन्माला आली, याबद्दल मी तारकोव्हस्कीची कायमची ऋणी आहे. सोलारिस ग्रहावरच्या महासागराचा अभ्यास करणाऱ्या अंतराळस्थानकावर केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ पोहोचतो. तो महासागर माणूस झोपला असताना त्याच्या मनातली सर्वांत दुखरी जागा शोधतो आणि तिला देह देतो. केल्विनला जाग येते तेव्हा खोलीत त्याची बायको हारी असते. दहा वर्षांपूर्वी तिने विष घेऊन जीव दिलेला असतो.

इथून पुढची काही मिनिटे मी किती बारकाईने पाहिली असतील ते सांगता येणार नाही. हारीला केल्विनच्या सामानात एक फोटो सापडतो आणि ही कोण, असे ती त्याला विचारते. मग आरशात पाहते आणि तिला उमगते की फोटोतली बाई म्हणजे आपणच. थोड्या वेळाने केल्विन तिचा पोशाख उतरवायला मदत करू लागतो, तेव्हा पाठीवरच्या नाड्या नुसत्या दिसण्यापुरत्या आहेत हे त्याच्या ध्यानात येते. त्या सुटत नाहीत, कारण त्यांच्याखाली उघडण्याजोगे काही नाहीच. शेवटी कात्री घेऊन कापडच कापावे लागते. केल्विनला तो पोशाख आठवत होता, पण तो कुठे आणि कसा उघडतो हे त्याने कधी मनात साठवलेच नव्हते, आणि महासागराजवळ केल्विनच्या मनाखेरीज दुसरा कच्चा माल नव्हता. नवऱ्याला जेवढी बायको ठाऊक होती तेवढीच परत आली. तारकोव्हस्की यावर एका शब्दानेही भाष्य करत नाही. कात्री चालते आणि प्रसंग पुढे सरकतो. संसाराची काही वर्षे पदरी असलेल्या कोणाही माणसाला त्या नाड्या पाहून चर्र व्हावे, असे ते दृश्य आहे.

घाबरलेला केल्विन तिला रॉकेटमध्ये बसवून पाठवून देतो, तर दुसरी हारी येते. ही दुसरी त्याच्यापासून क्षणभरही लांब राहू शकत नाही. दार मध्ये आले तर दाराचा पत्रा फाडून, रक्तबंबाळ होऊन त्याच्यापाशी येते, आणि जखमा बघता बघता भरून येतात. इथपर्यंत तिला प्रेयसी म्हणणे कठीण आहे. आठवण जशी माणसाला चिकटते तशी ती त्याला चिकटलेली आहे. पण मग हळूहळू तिच्यात काहीतरी स्वतःचे उगवू लागते. डोळे मिटले की मला माझा चेहरा आठवत नाही, असे ती म्हणते. ग्रंथालयातल्या प्रसंगात सार्टोरियस हा शास्त्रज्ञ तिला तोंडावर सांगतो की तू नुसती नक्कल आहेस, तेव्हा ती रडते, पण मागे हटत नाही. मी माणूस होत चालले आहे, हे तिचे उत्तर असते. केल्विनच्या डोळ्यांत तिच्याविषयी खरी ओढ दिसू लागते ती यानंतर. जी हारी त्याच्या आठवणीबरहुकूम होती तिला त्याने रॉकेटमध्ये घालून उडवून दिले, आणि जी आठवणीच्या बाहेर पडू लागली तिच्यासाठी तो पृथ्वीवर परतायचा विचार सोडायला तयार झाला. अखेरीस ती त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवून, इतर शास्त्रज्ञांच्या मदतीने स्वतःला नाहीसे करून घेते. खऱ्या हारीच्या मृत्यूचे ओझे तो दहा वर्षे वाहत होता. दुसरीने घेतलेला निर्णय सर्वस्वी तिचा होता.

‘सोलारिस’ पाहताना मला माझ्या मावशीची आठवण होते. काका गेल्यानंतर काही वर्षांत तिच्या बोलण्यातले काका फार गुळगुळीत झाले. ते कधी चिडत नसत, ते कधी कोणाला तोडून बोलत नसत, असे ती सांगू लागली. वर्तमानपत्राची घडी मोडून ठेवली म्हणून सगळे घर डोक्यावर घेणारे काका आम्हा भाचरांना चांगले आठवत होते, पण तिला ते सांगायचा धीर कोणाला होणार? त्यांच्या वर्षश्राद्धाला एकदा तिचे धाकटे दीर आले होते. जेवणानंतर पानाचे तबक फिरत असताना ते सहज म्हणाले, ‘वहिनी, नोकरी लागायच्या आधी दादा सांगलीला एका स्टुडिओत ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगवायला जात असे. साड्यांचे काठ रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.’ मावशी बघतच राहिली. ‘हे मला एका शब्दाने बोलले नाहीत!’ असे म्हणताना ती चिडली होती, दुखावली होती आणि त्याच वेळी तिचा चेहरा इतका उजळला होता की काका दिवाणखान्यात येऊन बसले असते तरी यापेक्षा वेगळे काही झाले नसते. त्या दुपारी तिने दिरांना प्रश्न विचारून विचारून बेजार केले. कोणते रंग वापरायचे, ब्रश कसला असायचा, सोडले का, मला का नाही सांगितले. तिच्या घडीव, गुळगुळीत काकांच्या जागी तिला अनोळखी असा एक माणूस आला होता, आणि तो तिचा नवरा होता.

स्मृती आणि प्रेम यांचे नाते आपल्याला नवे नाही. दुर्वासाच्या शापाने शकुंतलेला विसरलेला दुष्यंत आपल्या परिचयाचा आहे. मराठी संगीत रंगभूमीला ज्या नाटकाने खरे बळ दिले ते अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८० सालचे ‘संगीत शाकुंतल’ याच विस्मरणाभोवती फिरते. पण दुष्यंताचे विसरणे निर्दोष आहे. शाप बाहेरून येतो, अंगठी सापडली की उतरतो, आणि राजाला पश्चात्ताप करायला मोकळीक मिळते. मिशेल गाँद्री दिग्दर्शित आणि चार्ली कॉफमन लिखित ‘इटर्नल सनशाईन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ या २००४ च्या चित्रपटात विसरणे ही विकत मिळणारी सेवा आहे. क्लेमेंटाईनने आपली आठवण पुसून घेतली हे तिचा प्रियकर जोएल याला समजते, आणि तोही त्याच दवाखान्यात जाऊन तिला पुसून टाकायला सांगतो. रात्री तो झोपला असताना तंत्रज्ञ त्याच्या घरी येऊन काम सुरू करतात. पुसण्याचा क्रम उलटा आहे: ताजी, कडवट भांडणे आधी जातात, मग हळूहळू जुने, गोड दिवस पुढे येतात, आणि तिथे पोहोचल्यावर झोपेतल्या जोएलला हे सगळे थांबवावेसे वाटते. नात्याचा शेवट आधी दाखवून आरंभाकडे जाण्याची ही युक्ती विज्ञानाच्या सबबीखेरीज सुचली असती असे मला वाटत नाही.

गाँद्रीने हे विस्मरण संगणकावर कमी आणि सेटवर जास्त घडवले आहे. पुस्तकांच्या दुकानात जोएल क्लेमेंटाईनशी बोलत असताना मागच्या फळ्यांवरची पुस्तके एकामागून एक कोरी होत जातात. लहानपणीच्या स्वयंपाकघरात जोएल झालेला जिम कॅरी खरोखरच लहान मूल दिसतो, कारण सेटच तिरक्या मापाने, अवाढव्य टेबलाखुर्च्यांनिशी उभारलेला आहे. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पॅट्रिकचा उपकथाभाग, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पॅट्रिक हा त्याच कंपनीतला एक तंत्रज्ञ. क्लेमेंटाईनची स्मृती पुसताना तो तिच्या प्रेमात पडतो, आणि जोएलने जमा केलेल्या वस्तू आणि पत्रे चोरून, जोएलची वाक्ये जशीच्या तशी वापरून तिचे मन जिंकू पाहतो. गोठलेल्या चार्ल्स नदीवर बर्फात पडून जोएल जे बोलला होता तेच हा तिथेच बोलतो. क्लेमेंटाईनला जोएल आठवत नाही, ते शब्द कधी ऐकल्याचेही आठवत नाही, तरी ती अस्वस्थ होऊन उठते. शब्द तेच, जागा तीच, रात्र तशीच, फक्त माणूस तो नाही. मिळवता येण्याजोगे सर्व काही पॅट्रिकने मिळवले आहे.

ज्या क्लेमेंटाईनचा हात धरून जोएल आपल्याच आठवणींतून पळत सुटतो, ती खरी क्लेमेंटाईन नाही, हे चित्रपट विसरू देत नाही. ती त्याच्या मनातली आहे, म्हणूनच इतकी समजूतदार आहे. खरी क्लेमेंटाईन त्या वेळी शहरात दुसरीकडे रडकुंडीला आली आहे, आणि खरी क्लेमेंटाईनच त्याला पूर्वी पुस्तकांच्या दुकानात बजावून गेली होती की मी तुझे आयुष्य भरून काढायला आलेली कोणी कल्पना नाही, मी आपली स्वतःची शांतता शोधणारी बाई आहे. शेवटी आठवण पुसून घेण्याआधी नोंदवलेल्या आपापल्या ध्वनिफिती दोघांच्याही हाती पडतात, आणि जोएलने तिच्याविषयी ओकलेले विष ती त्याच्या आवाजात ऐकते, तिने त्याच्याविषयी ओकलेले तो ऐकतो. मग जोएलच्या घराबाहेरच्या बोळात उभे राहून ते जे ठरवतात ते मनातल्या मूर्तीकडे पाहून ठरवलेले नसते.

क्रिस मार्करचा ‘ला जेते’ याच्या पुष्कळ आधीचा, १९६२ चा. अवघ्या २८ मिनिटांचा. तिसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पॅरिसच्या तळघरांत एका कैद्याला भूतकाळात पाठवले जाते, आणि त्यालाच निवडले जाते ते त्याच्या मनात लहानपणी ओर्ली विमानतळावर पाहिलेल्या एका स्त्रीचा चेहरा घट्ट रुतून बसला आहे म्हणून. सगळा चित्रपट स्थिर छायाचित्रांचा आहे. फक्त एकदा, पहाटेच्या उजेडात ती झोपलेली असताना, छायाचित्रे एकमेकांत मिसळत मिसळत दाट होतात आणि ती डोळे उघडते. काही क्षण चित्र हलते, ती पापण्या मिटते, उघडते, आपल्याकडे पाहते. मग पुन्हा स्थिर छायाचित्रे. तोवर ती त्या माणसाची आठवण होती. त्या दोनचार क्षणांपुरती ती स्वतः जिवंत झाली, आणि हे सांगायला मार्करला एकही संवाद लागला नाही. या विषयावर इतके कमी साहित्य वापरून इतके खोल गेलेले काम मी दुसरे पाहिलेले नाही.

स्पाईक जोन्झचा ‘हर’ आता रोजच्या बोलण्यात येतो, कारण २०१३ मध्ये जे दूरचे वाटत होते ते मोबाइलमध्ये येऊन बसले. इतरांसाठी प्रेमपत्रे लिहून पोट भरणारा, बायकोपासून विभक्त झालेला थिओडोर एक नवी संगणकप्रणाली विकत घेतो, आणि समांथा नाव घेतलेल्या त्या आवाजाच्या प्रेमात पडतो. चित्रीकरणाच्या वेळी हा आवाज समांथा मॉर्टन या अभिनेत्रीचा होता. संकलनाच्या टप्प्यावर जोन्झने तो बदलून स्कार्लेट जोहान्सनचा घेतला. देह वजा केल्यावर प्रेमात काय उरते, असा प्रश्न चित्रपट विचारतो असे सहसा लिहिले जाते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. समांथा त्याच्या सोयीसाठी बनवलेली आहे, त्याची ईमेल आवरणारी, त्याच्या विनोदांना हसणारी, कधीही हाक मारली तरी हजर. आणि चित्रपटाचा कस लागतो तो ती त्याच्या सोयीपुरती राहत नाही तेव्हा.

तो प्रसंग जिन्यावर घडतो. एक दिवस ती अचानक गायब होते, थिओडोर वेड्यासारखा रस्त्याने धावतो, पडतो, आणि भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांशी पोहोचतो तेव्हा तिचा आवाज परत येतो. पायऱ्यांवर बसून तो श्वास सावरत असताना वर-खाली करणाऱ्या माणसांकडे त्याचे लक्ष जाते. प्रत्येक जण आपापल्या यंत्राशी हसून बोलतो आहे. तेव्हा तो विचारतो, या क्षणी तू आणखी कोणाशी बोलते आहेस का? ती सांगते, ८,३१६ जणांशी. आणखी कोणावर प्रेम आहे का? आहे, ६४१ जणांवर. थिओडोर झालेल्या वाकीन फीनिक्सचा चेहरा त्या आकड्यांनी जसा हळूहळू कोसळतो तो अभिनय पाहण्यासारखा आहे, पण त्याहून मोलाची आहे ती समांथाच्या आवाजातली कळकळ. ती त्याला फसवत नाही. ती वाढली आहे, एवढेच. पुढे ती निघून गेल्यावर थिओडोर पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पत्र लिहितो, आपल्या विभक्त बायकोला, आणि तू अशी असावीस, असे बोलावेस म्हणून मी तुझ्यावर जे जे लादले त्याबद्दल तिची क्षमा मागतो. परक्यांची पत्रे लिहिणाऱ्या माणसाला हे पत्र लिहायला एका यंत्राने सोडून जावे लागले.

म्हणूनच २०२४ च्या मे महिन्यात जे घडले त्याने मला खिन्न केले. ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीला आवाज देण्यासाठी आपल्याला विचारले होते, आपण नकार दिला होता, आणि तरी आपल्या आवाजाशी विलक्षण साम्य असलेला आवाज बाजारात आला, असे निवेदन जोहान्सनने प्रसिद्ध केले. तो दुसऱ्या अभिनेत्रीचा आवाज असल्याचे कंपनीने सांगितले आणि तो मागे घेतला. कायद्याने त्यात कोण बरोबर हा माझा विषय नाही. पण हवी होती ती चित्रपटाच्या पूर्वार्धातली समांथा, गोड आवाजात हजर राहणारी. ज्या उत्तरार्धात ती माणसाला सोडून जाते त्याची गरज कोणालाच भासली नाही, याचे दुःख आहे.

मराठीत या वाटेला जाणारे फार थोडे आहेत, त्यामुळे सुजय डहाके यांच्या २०१६ च्या ‘फुंतरू’चे नाव मी आदराने घेते. इंजिनीअरिंग कॉलेजातला मुलगा आवडत्या मुलीची हुबेहूब संगणकीय प्रतिमा तयार करतो, ही त्याची कल्पना. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वरचा चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाने, त्यातल्याच केतकी माटेगावकरला घेऊन हे धाडस करावे, यात मला एक सुसंगती दिसते. ‘शाळा’तला जोशी शिरोडकरकडे पाहत मनात जे रचत राहतो, तेच हा मुलगा संगणकावर रचतो. चित्रपट मला सगळीकडे सारखा जमलेला वाटला नाही, कल्पनेचे वजन पटकथेला पेलत नाही असे काही ठिकाणी जाणवते. पण हॉस्टेल, प्रोजेक्ट आणि कट्टा या आपल्या ओळखीच्या जगात हा प्रश्न आणून ठेवल्याबद्दल त्याची आणखी चर्चा व्हायला हवी होती.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यांत सलत राहते. घडवणारा पुरुष आणि घडवली जाणारी स्त्री, ही वाटणी इतकी पक्की आहे की ती सहसा डोळ्यांत भरत नाही. हारी, मनातली क्लेमेंटाईन, ओर्लीवरची ती स्त्री, समांथा, आणि ‘फुंतरू’मधली प्रतिमा. मारिया श्राडर या दिग्दर्शिकेचा ‘इख बिन डाइन मेन्श’ हा २०२१ चा जर्मन चित्रपट ही वाटणी उलटवतो, आणि उलटवल्याबरोबर प्रश्नाला नवे तोंड फुटते. बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात क्युनिफॉर्म या प्राचीन लिपीवर संशोधन करणारी आल्मा तिच्यासाठीच घडवलेल्या टॉम नावाच्या यंत्रमानवासोबत तीन आठवडे राहायला तयार होते. त्यावर तिला तज्ज्ञ म्हणून अहवाल द्यायचा आहे. मारेन एगर्टला या भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला, आणि तो तिने प्रत्येक चौकटीत कमावला आहे. टॉम टबात गुलाबाच्या पाकळ्या टाकून, मेणबत्त्या लावून तिची वाट पाहतो आणि ९३ टक्के जर्मन स्त्रियांना हे स्वप्न पडते असे सांगतो. मी कोणत्या गटातली असेन असे तुला वाटते, हा तिचा प्रश्न. एकट्या, हुशार, आयुष्यात बरेच गमावलेल्या बाईचा तो थकलेला चेहरा पाहताना मला आपल्याकडच्या कितीतरी जणी आठवल्या.

अहवालात आल्मा स्पष्ट लिहिते की अशा जोडीदारांना मान्यता देऊ नये. आपली प्रत्येक इच्छा पुरी करणाऱ्याची सवय लागलेले माणूस दुसऱ्या माणसाशी जुळवून घेण्याचे बळ गमावून बसेल, असे तिचे मत. आणि हे लिहिणारी आल्मा टॉमला शोधत डेन्मार्कला, आपल्या लहानपणाच्या जागी जाते. काही समीक्षकांना ही विसंगती वाटेल. मला तिचा अहवालही पटतो आणि जाणेही पटते. तिने टॉमला निघून जायला सांगितले होते. तिथे जाऊन थांब, असे सांगितले नव्हते. तो तिथे आपणहून गेला, आणि तिच्यासाठी बनवलेल्या त्या यंत्राने तिने न सांगितलेली एक गोष्ट केली.